‘कारण’ नावाचा रकाना : १८९३ चा आयोग आणि काकांची बाटली

गेल्या दिवाळीत सोयगावला घरी गेले होते. फराळ झाला आणि मोठ्या काकांनी कपाटातून एक छोटी काचेची बाटली काढून माझ्या हातात दिली. गुडघेदुखीसाठी कुणीतरी त्यांना भांगेपासून केलेलं ‘औषधी तेल’ आणून दिलं होतं. “तू एवढी शिकली. आता सांग, घेऊ का नको?”

बाटलीवर हिरव्या पानाचं चित्र होतं. कोणता घटक किती, हे कुठेच नव्हतं. किती थेंब घ्यायचे, जिभेखाली धरायचे की दुधात घालायचे, की नुसते गुडघ्यावर चोळायचे, तेही नव्हतं. मी एमएस्सी रसायनशास्त्रात केली, आता पीएचडी औषधांच्या इतिहासावर करते आहे, आणि तरी मला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येईना. कारण प्रश्नच अर्धा होता. हाच अर्धा प्रश्न १३० वर्षांपूर्वी एका सरकारी आयोगासमोरही आला होता. त्याने तो कसा पूर्ण केला, ते आज सांगते. संशोधनात नव्याने येणाऱ्यांना ही गोष्ट फार उपयोगी पडेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८३९ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातल्या विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने गांजाच्या राळेवरचे आपले प्रयोग मांडले. आधी प्राण्यांवर, मग संधिवात, धनुर्वात, कॉलरा, लहान मुलांचे झटके अशा रुग्णांवर. आपल्याकडचे वैद्य आणि हकीम हे औषध कितीतरी आधीपासून देतच होते. ओशॉनेसीने त्यांच्याकडूनही माहिती घेतली. त्याच्यामुळे हे औषध युरोपीय डॉक्टरांच्या कपाटात गेलं. पण तिथे एक अडचण सुटेना. एका बाटलीतला अर्क कडक, तर दुसऱ्या बाटलीतला अगदीच मिळमिळीत. त्यात नेमकं काय काम करतं हेच माहीत नसल्यामुळे मात्रा ठरवता येत नव्हती. नशा आणणारा मुख्य घटक, टीएचसी, शुद्ध स्वरूपात वेगळा होऊन त्याची रचना कळायला १९६४ साल उजाडलं.

आता १८९३ मध्ये या. त्या वर्षी मार्चमध्ये ब्रिटिश संसदेत विल्यम केन या सदस्याने गांजाचा प्रश्न उपस्थित केला. मागणी बंगालपुरती होती, पण हिंदुस्थान सरकारने चौकशी सगळीकडे करायची ठरवली आणि जुलैमध्ये आयोग नेमला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. एकूण सात सदस्य, त्यांत तीन भारतीय. ११९३ साक्षीदारांची मतं घेतली गेली आणि १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल तयार झाला. मुंबई इलाख्यातला अहमदनगर जिल्हा गांजाच्या लागवडीचा, त्यामुळे तिकडची शेतीही या चौकशीत आली.

आयोगापुढचा सगळ्यात स्फोटक मुद्दा होता ‘गांजाने वेड लागतं का?’ पुरावा तर तयारच होता. वेड्यांच्या इस्पितळांचे वार्षिक अहवाल दरवर्षी छापले जात. कुलाबा, रत्नागिरी, नागपूर, सगळीकडे रुग्णांची नोंद होई, आणि त्या नोंदीत एक रकाना असे, ‘वेडाचं कारण’. त्या रकान्यात ‘गांजा’ हा शब्द वारंवार दिसे. आकडे छापील, सरकारी, वर्षानुवर्षांचे. तुमच्या-माझ्यासारख्याने ते उचलून थेट तक्ता केला असता, खरं की नाही?

आयोगाने मात्र वेगळीच गोष्ट विचारली : हा रकाना भरतं कोण?

उत्तर ऐकून थक्क व्हाल. बऱ्याचदा रुग्णाला पोलीस घेऊन येत. सोबतच्या कागदावर कारण लिहिणं भाग असे. घरचं कुणी बरोबर नाही, पूर्वीचा आजार माहीत नाही. मग हा माणूस चिलीम ओढतो असं कुणी म्हटलं की झालं, ‘गांजा’. इस्पितळातला अधिकारी तोच शब्द नोंदवहीत उतरवी, आणि वर्षाअखेरीस त्याचाच आकडा होई. म्हणजे पोलीस शिपायाचा अंदाज दोन-तीन टेबलांवरून फिरून ‘वैद्यकीय सांख्यिकी’ बनत होता. आणि तो अंदाज पुढच्या शिपायाला आणखी पक्का वाटत होता, कारण आता तो छापून आलेला होता!

मग आयोगाने कंटाळवाणं पण खरं काम केलं. १८९२ या एका वर्षातले रुग्ण घेतले आणि एकेकाची पुन्हा चौकशी केली. त्या वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या इस्पितळांत १३४४ जण दाखल झाले होते. त्यांतल्या २२२ जणांचं कारण भांग-गांजा-चरस असं लिहिलं होतं, म्हणजे सुमारे साडेसोळा टक्के. फेरचौकशीत त्यांतले फक्त ९८ टिकले, सुमारे ७.३ टक्के. त्या ९८ पैकीही ३७ जणांच्या बाबतीत इतर कारणं मिसळलेली होती. निव्वळ या पदार्थांकडे बोट दाखवता येईल असे उरले ६१.

इथे घाई करू नका. ‘म्हणजे गांजा निरुपद्रवी’ असं आयोग म्हणाला नाही. ६१ माणसं म्हणजे शून्य नव्हे. बेताच्या सेवनाने सहसा फारसं नुकसान दिसत नाही, अतिसेवनाने होतं, आणि ज्याचं मन मुळातच नाजूक आहे त्याला धोका जास्त, असा साधारण निष्कर्ष होता. सगळे सदस्य सहमतही नव्हते. राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद या दोन भारतीय सदस्यांनी असहमतीची टिपणं जोडली. शिवाय आयोगासाठी कलकत्त्यात एका माकडाला कित्येक महिने गांजाचा धूर देऊन मेंदूत काही बदल होतो का तेही पाहिलं गेलं. बदल आढळला नाही. पण एक माकड! त्यावरून माणसांबद्दल किती बोलायचं, हे तुम्हीच ठरवा.

एक गंमत आपल्या गावाची. त्या १३४४ च्या आकड्याचा हिशेब ब्रिटिश मुलखाचा. आपलं सोयगाव तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. पलीकडचं पाचोरा-जामनेर ब्रिटिशांच्या खानदेश जिल्ह्यात. माणसं तीच, बाजार तोच, सोयरीक तीच. पण अलीकडचा माणूस तक्त्याबाहेर. जुन्या तक्त्यावर ‘हिंदुस्थान’ असं लिहिलेलं दिसलं की नकाशा उघडून बघायची सवय मला त्यामुळेच लागली.

आयोगाची आणखी एक गोष्ट मला आवडते. भांग, गांजा आणि चरस हे त्यांनी एकाच टोपलीत टाकले नाहीत. पानं घोटून प्यायलेली भांग, चिलमीतून ओढलेला गांजा, नुसती राळ असलेली चरस, प्रत्येकाचा विचार वेगळा केला. तेव्हा तो अनुभवाचा भाग होता. आज त्यामागचं रसायनशास्त्र आपल्याला माहीत आहे. धूर फुप्फुसातून काही मिनिटांत रक्तात पोचतो. परिणाम लवकर, पण धुराचं नुकसान सोबत. पोटात घेतलं तर ते आधी यकृतातून जातं. तिथे टीएचसीचं रूपांतर आणखी एका जोरदार घटकात होतं, आणि परिणाम जाणवायला अर्धा ते दोन तास लागतात, मग तो कित्येक तास टिकतो. म्हणूनच होळीला ‘काहीच चढली नाही’ म्हणत दुसरा ग्लास घेणारा रात्री दवाखान्यात दिसतो. जिभेखाली धरलेलं तेल थोडं तिथून शोषलं जातं, बरंचसं गिळलं जातं. कातडीवर चोळलेलं बहुतांशी तिथेच राहतं. वनस्पती एक, पण वाट बदलली की औषधच बदललं म्हणा ना!

आजचा भक्कम पुरावाही मोजक्याच ठिकाणी आहे : लहानपणीच्या काही दुर्मीळ अपस्मारांत शुद्ध सीबीडी, केमोथेरपीनंतरची मळमळ, मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा. जुनाट दुखण्यांत फायदा दिसतो, पण बेताचाच. कायद्याचंही सांगते. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं त्यात येत नाहीत, ती राज्यांच्या कायद्याखाली येतात, आणि महाराष्ट्रात भांगेलाही परवाना लागतो. आयुर्वेदिक औषधांच्या नियमांत भांग विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. म्हणून अशा औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना हवी.

तर आता काकांच्या बाटलीकडे येऊ. मी त्यांना विचारलं, “काका, तुमच्या दुसऱ्या गोळ्या कोणत्या चालू आहेत?” हृदयाची झडप बदलल्यापासून ते रक्त पातळ ठेवायची वॉरफरिन घेतात. सीबीडीमुळे वॉरफरिनचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं, आणि मग रक्तस्रावाचा धोका. ही गोष्ट बाटली आणून देणाऱ्याने विचारलीच नव्हती. काका बाटली घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी ती बंदच ठेवायला सांगितली आणि गुडघ्यासाठी व्यायाम दिले. काका जरा हिरमुसले. पण व्यायाम करतात, आईने फोनवर सांगितलं.

‘गांजाने वेड लागतं का?’ आणि ‘हे तेल घेऊ का?’ हे दोन्ही अर्धे प्रश्न आहेत. कोणता घटक, किती, कोणत्या वाटेने, कोणाच्या शरीरात, आणि हे सांगतंय कोण, एवढं जोडलं की प्रश्न पूर्ण होतो. आयोगाची ताकद त्याच्या निष्कर्षात नव्हती, त्यावर आजही वाद घालता येईल. ती होती २२२ कागद पुन्हा उघडण्यात.

तुमच्या प्रबंधासाठी तुम्ही जो पहिला तक्ता वापरणार आहात, तो आज समोर घ्या. प्रत्येक रकान्याखाली पेन्सिलीने एकच ओळ लिहा : हा कोणी भरला, आणि भरताना त्याला काय माहीत होतं? जिथे ओळ लिहिता येणार नाही, तिथून तुमचं संशोधन सुरू होतं.