गोव्याच्या इन्क्विझिशनचे कैदी

पोर्तुगीज सत्तेच्या काळात गोव्याच्या धर्मन्यायालयाने श्रद्धेवरून किंवा धार्मिक आचारावरून कैद केलेले लोक. न्यायालयाचा काळ १५६० ते १८१२. मध्ये १७७४ ते १७७८ ही चार वर्षे ते बंद होते. सोळा हजारांहून अधिक खटले त्याच्यापुढे चालले. न्यायाधीश धर्मगुरू असले तरी हे कैदी राजसत्तेचेच मानावे लागतात. न्यायालय पोर्तुगालच्या राजाच्या संमतीने आले, जळायला पाठवायचा माणूस शेवटी सरकारी अधिकाऱ्यांच्याच हवाली होई आणि न्यायालय बंद झाले तेही दोन्ही वेळा पोर्तुगीज राजसत्तेच्या हुकमाने.

पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन १५३६ साली सुरू झाले होते. ते गोव्यातही हवे, असे फ्रान्सिस झेवियरने राजाला पत्राने कळवले होते. पहिले न्यायाधीश आलेइशू दियश फाल्काँव १५६०च्या अखेरीस गोव्यात पोचले. जुन्या गोव्यातला आदिलशहाचा वाडा त्यांना मिळाला. न्यायसभा, न्यायाधीशांची घरे आणि कोठड्या एकाच आवारात होत्या. पोर्तुगीज त्याला ‘पवित्र सदन’ म्हणत, गावचे लोक ‘व्हडलें घर’ म्हणत. मोठे घर, एवढाच त्याचा अर्थ. पण हे नाव मोठ्याने उच्चारायला माणसे भीत.

न्यायालयाचा अधिकार मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांवर चाले. आरंभीच्या दशकांत ज्यू कुळातून ख्रिस्ती झालेल्या ‘नवख्रिस्तीं’वर त्याचा रोख होता. पुढे बहुसंख्य कैदी बाटलेल्या हिंदू घरांतले, जुने आचार न सोडलेले कोकणी लोक झाले. हिंदूंवरही खटले होत : धर्मांतरात अडथळा आणल्याचे, बंदी असलेले विधी केल्याचे. येथे एक गल्लत नेहमी होते. तिसवाडी, बार्देश, साष्टीतली देवळे पाडली ती व्हाइसरॉयच्या आणि चर्चच्या अन्य अधिकाऱ्यांच्या हुकमाने. इन्क्विझिशनचे काम माणसे धरण्याचे होते. दोन्ही हात एकाच सत्तेचे, पण नोंद वेगळी ठेवली पाहिजे.

गुन्हा कशाला म्हणत हे १७३६च्या जाहीरनाम्यावरून कळते. अंगणात तुळस लावणे, भात मिठाशिवाय शिजवणे, पुरुषाने पुडवें म्हणजे धोतर नेसणे, स्त्रीने चोळी घालणे, लग्नात विडा-सुपारी वाटणे आणि ओव्या म्हणणे, हे सारे ख्रिस्ती रयतेला मना होते. परमेश्वराविषयी कोणाचे मत काय, हा प्रश्न या यादीत जवळजवळ नाहीच. स्वयंपाकघर, अंगण आणि बायकांचे गाणे यांवरच पहारा आहे. शेजाऱ्याने किंवा घरातल्याच कोणी कळवले की अटक होई. कळवणाऱ्याचे नाव आरोपीला सांगत नसत. आरोपही सांगत नसत. आपला अपराध आपणच ओळखून कबूल करावा, अशी तीनदा ताकीद दिली जाई. मग छळ, जप्ती आणि निकाल. जाळण्याची शिक्षा थोड्यांनाच झाली. बहुतेकांच्या वाट्याला कैद, फटके, हद्दपारी किंवा गलबतावरची सक्तमजुरी आली.

मेलेल्यांनाही सुटका नव्हती. ‘कोलोक्विउश’ हा हिंदुस्थानातल्या औषधींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापणारा वैद्य गार्सिया द ऑर्ता १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला, गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून, जिवंत जाळण्यात आले. १५८० साली ऑर्ताची हाडे उकरून तीही जाळली.

तुरुंगाचे आतले चित्र मुख्यतः एका कैद्यामुळे उरले आहे. शार्ल देलाँ हा तरुण फ्रेंच वैद्य दमणमध्ये राहत होता. बाप्तिस्मा आणि मूर्तिपूजन यांविषयी त्याने गप्पांत काही विधाने केली, इन्क्विझिशनचे न्यायाधीशही चुकू शकतात असे तो बोलला, आणि ऑगस्ट १६७३मध्ये त्याला धरले. दमणच्या गव्हर्नरने एका स्त्रीवरून मत्सराने हे घडवले, अशी त्याची खात्री होती. वसईमार्गे तो जानेवारी १६७४मध्ये गोव्यात आला. पांढरी चुन्याची, सुमारे दहा फूट लांब-रुंद कोठडी, वर लहानशी खिडकी, वाचायला पुस्तक नाही. युरोपीय कैद्यांना पाव मिळे, देशी कैद्यांना पेज. मोठ्याने रडणे, एवढेच काय मोठ्याने प्रार्थना करणेही शिक्षेचे कारण होते. या शांततेत पहाटे छळ होत असलेल्यांच्या किंकाळ्या ऐकू येत. देलाँने एकाहून अधिक वेळा आत्महत्येचा प्रयत्न केला.

१२ जानेवारी १६७६ला निकालाची मिरवणूक निघाली. से कॅथेड्रलची मोठी घंटा वाजू लागली, कैद्यांच्या अंगावर क्रूसाचे चिन्ह असलेले पिवळे झगे चढवले आणि अनवाणी सेंट फ्रान्सिसच्या चर्चपर्यंत चालवत नेले. खड्यांनी देलाँचे पाय रक्ताळले. प्रवचनकाराने तेथे न्यायालयाची तुलना नोहाच्या तारवाशी केली : तारवातून प्राणी होते तसेच बाहेर आले, या घरातून मात्र लांडगा कोकरू होऊन निघतो. देलाँची मालमत्ता जप्त झाली, त्याला हिंदुस्थानातून हाकलले आणि लिस्बनमध्ये पाच वर्षांची सक्तमजुरी सांगितली. १६७७ साली तो सुटला. आत पाहिलेले कोठेही न बोलण्याची शपथ सर्वच कैद्यांकडून घेत. देलाँने ती मोडली आणि १६८७ साली आपली हकीकत छापली. हे धैर्य नसते, तर त्या कोठड्यांविषयी आज आपण फार थोडे सांगू शकलो असतो.

न्यायालयाचा अंमल गोव्याबाहेर चौल, वसई, दमण येथेही होता. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई घेतल्यावर तो उत्तर कोकणातल्या मोठ्या भागातून संपला. १८१२ साली न्यायालय कायमचे बंद झाले, पुढे वाडाही पाडला गेला आणि दप्तराचा बहुतेक भाग नष्ट झाला. उरलेल्या साधनांवरून मूळच्या गोव्याच्या अनंत काकबा प्रियोळकरांनी १९६१ साली या न्यायालयाचा इंग्रजी इतिहास मुंबईत प्रसिद्ध केला. त्यावर वाद झाले. तरी विषयाचा अभ्यास अजून त्यापासूनच सुरू करावा लागतो.

खुद्द न्यायालयाच्या अधिकाऱ्याने, जुआँव देल्गादु फिगेइराने, १६२३पर्यंतच्या खटल्यांची केलेली सूची लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. देलाँसारखे पुस्तक लिहू न शकलेल्या हजारो कैद्यांची तेथे मोजक्या शब्दांत नोंद आहे : नाव, गुन्हा, शिक्षा.