कुलाब्याचे तास आणि मिनिटं

वेळेच्या नोंदी सरळ करणं हे माझ्या पोटापाण्याचं काम. एखाद्या मीटरने दहाचा आकडा दहा वाजून तीन मिनिटांनी पाठवलेला असतो, कुठे एकच नोंद दोनदा येते, कुठे अर्धा तास गायब! मग तयार फंक्शन वापरायचं. नोंद जवळच्या ठरावीक वेळेला बसवायची, दुबार काढायची, मधली भोकं आजूबाजूच्या आकड्यांवरून भरायची. आलेख गुळगुळीत झाला की बरं वाटतं.

पण कुलाब्याच्या वेधशाळेची हकीकत वाचल्यापासून हात जरा थबकतो.

ही वेधशाळा १८२६ सालची, ईस्ट इंडिया कंपनीने उभारलेली. १८४१ पासून तिथे पृथ्वीचं चुंबकत्व मोजत असत. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर लखलखाट पाहिला. मुंबईत ते कळणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी कुलाब्याची उपकरणं भलतंच काही दाखवू लागली. एरवी तासाला एक वाचन व्हायचं. निरीक्षकांनी ते पंधरा मिनिटांवर, कधी पाच मिनिटांवरही आणलं.

म्हणजे माझ्या भाषेत, डेटा बिघडला! नोंदींमधलं अंतर सारखं राहिलं नाही.

आता गंमत बघा. २००३ साली संशोधकांनी या नोंदी पुन्हा मांडल्या, तेव्हा चुंबकीय क्षेत्रातली घट सुमारे १६०० नॅनोटेस्ला दिसली. २००६ मध्ये दुसऱ्यांनी तासाची सरासरी काढली, तर आकडा ८५० च्या आसपास आला. दुसरे चुकले असं नाही. आजचा वादळं मोजायचा निर्देशांक तासाचाच असतो, तुलना करायची तर सरासरी हवीच. पण मूळ पाच मिनिटांच्या नोंदी टाकून फक्त सरासरी जपली असती, तर ते निम्मं वादळ परत कुठून आणणार?

दुसरी खोच घड्याळाची. त्या काळी मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होती. भारतीय प्रमाणवेळ आली १९०६ साली. आज संगणकाला भारताचा टाइमझोन दिला, तर १८५९ च्या तारखेला तो कोलकात्याची जुनी वेळ लावतो, ५ तास ५३ मिनिटांची. कुठलीही तक्रार न करता सगळं वादळ तासभर सरकतं! दुरुस्तीच्या नावाखाली केलेली ही चूक आलेखात दिसतही नाही.

म्हणून आता मी दोन गोष्टी पाळतो. मूळ वेळेचा रकाना कधी पुसत नाही. आणि नोंदी अनियमित का झाल्या, हे आधी विचारतो. यंत्र बंद पडलं होतं, की कुणीतरी जास्त लक्ष देऊन बघत होतं?

असो. आपल्या नातलगांपैकी कुणाकडे पावसाच्या मोजमापाची जुनी वही असेल, तर ती 'नीट' लिहून काढण्याआधी मला जरूर दाखवा. खाडाखोडीसकट.