दुसऱ्याची रजा, आपला रोज

सरकारी नोकराच्या घरात 'बदली झाली' म्हणजे बिऱ्हाड बांधायची वेळ. गिरणगावात मात्र 'तो बदलीवर आहे' याचा अर्थ वेगळा होता. त्याला स्वतःची जागा नाही, ज्याची आहे तो आज आला नाही तरच याला काम. मला हा दुसरा अर्थ महत्त्वाचा वाटतो. आज महापालिकेच्या दवाखान्यात किंवा शाळेत 'निव्वळ तात्पुरत्या स्वरूपात' जे अर्ज भरले जातात, त्यांची पाळंमुळं तिथे सापडतात.

मुंबईच्या गिरण्यांत सुरुवातीला अर्ज वगैरे भानगड नव्हती. पहाटे गेटवर उभं राहायचं आणि जॉबर बोट दाखवेल त्याने आत जायचं. बोट आपल्याकडे वळावं म्हणून त्याला दस्तुरी द्यायची. 1935 मध्ये गिरणीमालक संघाने यावर उपाय काढला. दर महिन्याच्या एक तारखेला ठरावीक लोकांना बदली कार्ड द्यायचं, त्यांनी रोज सकाळी हजर व्हायचं आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. जॉबरची मनमानी कमी करणं हा हेतू होता. पण कार्ड म्हणजे काम नव्हे. कार्ड खिशात ठेवून गेटवरून परत फिरावं लागे ते लागेच.

सरकारी खात्यांनी हीच गोष्ट आपापल्या पद्धतीने केली. रेल्वेने रजेवरच्या माणसाच्या जागी 'सब्स्टिट्यूट' घेतले, त्यांना नियमित वेतनश्रेणी दिली आणि सलग चार महिने काम झालं की तात्पुरत्या कर्मचाऱ्याचे हक्कही दिले. शिक्षकांसाठी ही मुदत तीनच महिने. टपाल खात्याची रीत याच्या अगदी उलट. ग्रामीण डाकसेवकाला रजा हवी असेल तर बदली माणूस त्यानेच शोधायचा आणि तोही स्वतःच्या जबाबदारीवर. म्हणजे बदलीचा अर्ज रजेच्या अर्जाच्या पोटातच! गावात असा माणूस बहुधा घरातलाच निघतो.

कायद्याने बदलीवाल्याची दखल घेतली ती मोजून. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात पुढे भर पडली, तेव्हा ले-ऑफच्या भरपाईतून बदली कामगाराला वगळलं गेलं. पण एक पळवाट त्याच्याही बाजूने ठेवली होती. वर्षभराची सलग सेवा झाली की तो 'बदली' उरत नाही. सलग म्हणजे बारा महिन्यांत 240 दिवस. इंग्रजी कायद्यात 'बदली' हा आपला शब्द तसाच्या तसा बसला आहे, हे वाचताना मला गंमत वाटली होती. पुढे जे घडलं त्यात गंमत नाही. मोजणी आली तशी मोजणी चुकवण्याची कलाही आली. ठरावीक दिवसांनी एक-दोन दिवसांचा खंड द्यायचा, मग नवा आदेश काढायचा आणि त्याच माणसाकडून नवा अर्ज घ्यायचा.

महाराष्ट्राने ही कला लवकर ओळखली. 1971 च्या अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे: कायमपणाचे लाभ नाकारण्याच्या हेतूने माणसाला वर्षानुवर्षं बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरता ठेवणं ही अनुचित प्रथा आहे. केंद्राने अशी यादी आपल्या कायद्यात आणली ती त्यानंतर.

मग 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा उमादेवी निकाल आला. सार्वजनिक पदं सर्वांना समान संधी देऊनच भरली पाहिजेत, केवळ बरीच वर्षं काम केलं म्हणून तात्पुरत्या माणसाला कायम करता येणार नाही, असं पाच न्यायमूर्तींनी सांगितलं. यातला मुद्दा खोटा नाही. जाहिरातीची वाट बघणाऱ्या हजारोंचा हक्क मागच्या दाराने मारला जातोच. पण ते दार अर्जदाराने उघडलेलं नसतं. उघडतं ते खातं, आणि निकालानंतर दारात अडकतो तो मात्र अर्जदार.

2009 मध्ये एसटीच्या बस साफ करणाऱ्या कामगारांचं प्रकरण त्याच न्यायालयात गेलं. उमादेवी निकालामुळे 1971 च्या कायद्याखालचे औद्योगिक न्यायालयाचे अधिकार संपत नाहीत, असं तिथे ठरलं. अनुचित प्रथा सिद्ध झाली आणि मंजूर पद रिकामं असेल, तर कायम करण्याचा आदेश देता येतो. ही फट अरुंद आहे, पण आहे.

अडचण येते ती सिद्ध करण्याची. 240 दिवस भरले हे दाखवण्याची जबाबदारी न्यायालयांनी कामगारावर टाकली आहे आणि हजेरीपुस्तक असतं कार्यालयाच्या कपाटात. त्यात आजच्या अर्जासोबत हमीपत्र असतं: कायम नोकरीवर हक्क सांगणार नाही. गेटवरच्या माणसाकडून जॉबरने असं काही लिहून घेतल्याचं माझ्या वाचनात नाही. सही तर करावीच लागते. करताना नियुक्तीच्या प्रत्येक आदेशाचा, पगाराच्या प्रत्येक पावतीचा आणि जमेल तेव्हा हजेरीच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, तारखेसकट. खंडाचे दिवसही लिहून ठेवा, आणि त्या दिवसांत तुमच्या जागी कोण होतं तेही.