पोळ्याच्या तोरणापासून ग्रामसभेपर्यंत
वऱ्हाडात झडत्या, म्हणजे पोळ्याची लोकगीतं, म्हणून झाल्या, की पोळ्याच्या तोरणाखालून आधी पाटलाचे बैल जात. गावचा मान जन्माने ठरे. 1962च्या कायद्याने पाटीलकी संपली, पण कामाला मान मिळायला वेळ लागला. 2000 साली गाडगेबाबांच्या नावाने सुरू झालेल्या स्वच्छता अभियानाने अख्ख्या गावाला बक्षीस दिलं. खराटा हाती घेणारी बाई मात्र निनावीच राहिली. म्हणून राज्य सरकारचा 2023चा निर्णय मला मोलाचा वाटतो: दर ग्रामपंचायतीने 31 मेला, अहिल्यादेवी होळकरांच्या जयंतीला, दोन कर्तबगार महिलांचा सन्मान करायचा. शाल, श्रीफळ, सन्मानपत्र आणि रोख 500 रुपये. रक्कम तुटपुंजी आहे, निवडीत राजकारण शिरू शकतं, हे आक्षेप खरेच. पण त्यासाठी सन्मानच थांबवू नये. नावं आधी ग्रामसभेत वाचावीत, केलेल्या कामासकट. वऱ्हाडात दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबसारख्या गावांनी एवढं जरूर करावं.