डेअरिंग, धीट आणि ढीठ



परवा घाटकोपर स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत एक माणूस मध्येच घुसला. आमच्या भाचीने त्याला सगळ्यांसमोर मागे पाठवले. घरी हे कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पोरीत डेअरिंग आहे हो!" शेजारच्या भाभी मात्र म्हणाल्या, "लडकी बहुत ढीठ हो गई है." एकाच गोष्टीला शाबासकीही मिळाली आणि बोलणीही! म्हणून या शब्दांचे मूळ शोधायला बसले.

'डेअरिंग' इंग्रजीतल्या 'डेअर' या क्रियापदावरून आला. गंमत म्हणजे 'डेअर' आणि संस्कृतमधला 'धृष्' हा धातू एकाच प्राचीन मुळातून निघाले आहेत. अर्थही तोच, धाडस करणे. 'धृष्'पासून 'धृष्ट' झाला, प्राकृतात त्याचा 'धिट्ठ' झाला. आपला णमोकार मंत्रही प्राकृतातलाच ना! पुढे मराठीत तो 'धीट' झाला आणि हिंदीत 'ढीठ'. मराठीने त्याचे कौतुक केले, हिंदीने त्याचा कान धरला.

बाईच्या धाडसाचेही असेच होते. याच मुंबईतल्या रखमाबाईंचे लग्न त्या अकरा वर्षांच्या असताना झाले. मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायचे नाकारले. 1884 मध्ये नवऱ्याने दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, पण 1887 मध्ये कोर्टाने सांगितले, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली! 'केसरी'तून त्यांच्यावर टीका झाली. सुधारकांनी मात्र पाठराखण केली. 1888 मध्ये नवऱ्याला 2000 रुपये देऊन प्रकरण मिटले. पुढच्याच वर्षी त्या विलायतेला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोटला वर्षानुवर्षे बायकांवर उपचार करत राहिल्या. 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, त्यामागच्या चर्चेतही हा खटला होता.

तेव्हा अनेकांना ज्या 'ढीठ' वाटल्या, त्यांना आज आपण धीट म्हणतो. बाई तीच होती, ऐकणारे कान बदलले.

म्हणून मैत्रिणींनो, आपली लेक उलट बोलली, तर रागावण्याआधी एवढेच पाहूया, ती कुणाला दुखवते आहे की अन्याय थांबवते आहे? अन्याय थांबवत असेल, तर तिला धीटच म्हणूया. मी भाचीला तेच सांगितले.