तारायंत्रापासून बिनतारी पट्टीपर्यंत

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग १८६७ साली वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचला, तेव्हा त्याच्या कडेने तारायंत्राचे खांबही आले. आणि यवतमाळकडील कापूस ज्या धामणगाव स्थानकावर बैलगाड्यांतून येत असे, तेथील आडत्यांस मुंबईचा भाव पत्राची वाट न पाहता कळण्याची सोय झाली. सरकारी तारसेवा २०१३ च्या जुलैत बरखास्त झाली. बिनतारी जाळ्याचे ‘एसी’ नामक जलद प्रमाण त्याच वर्षाच्या डिसेंबरात मंजूर व्हावे, हा योगायोग मला मौजेचा वाटतो.

इंटेलने २००३ च्या मार्चमध्ये ‘सेंट्रिनो’ आणल्यापासून लॅपटॉपच्या उदरातच बिनतारी कार्ड असणे सर्वसामान्य झाले. तत्पूर्वी ते कडेच्या खाचेत बाहेरून खुपसावे लागे. जुने यंत्र उघडावे, तर या कार्डाची बोटाएवढी हिरवी पट्टी एका स्क्रूने जखडलेली आणि तिच्या टोकाशी पडद्याभोवतीच्या अँटेनांकडून आलेल्या, बहुधा एक काळी व एक पांढरी अशा, दोन बारीक तारा दिसतात. बिनतारीच्या मुळाशीही अखेर तारच! ही पट्टी पालटून ‘एसी’ प्रमाणाची बसवली की मंद यंत्रास पाच गिगाहर्ट्झचा मोकळा पट्टा खुला होतो.

मात्र काही उत्पादकांनी यंत्राच्या बायोसमध्ये, म्हणजे ते सुरू करणाऱ्या मूळ आज्ञावलीत, मान्य कार्डांची यादी कोरून ठेवली होती, आणि यादीबाहेरचे कार्ड दिसताच यंत्र सुरू होण्यास नकार देई. ही जुलूमशाहीच होय. म्हणून ग्राहकाने नव्या कार्डाचे पैसे मोजण्यापूर्वी यंत्रातील खाच मिनी पीसीआय एक्सप्रेसची की एम.२ ची, आणि यादीचे बंधन आहे की नाही, याची खातरजमा करावी.