दोन नावे, एकच यादी

काही वर्षांपूर्वी सुट्टीत भरवलेल्या एका संगणक-वर्गात आम्ही अकरावीच्या मुलांना पायथॉन ही भाषा शिकवत होतो. एका मुलीने 'विद्यार्थी' नावाचा क्लास लिहिला. क्लास म्हणजे साचा. त्यातून हव्या तितक्या वस्तू, म्हणजे ऑब्जेक्ट, काढता येतात. साच्यातच तिने 'गुण' नावाची एक रिकामी यादी ठेवली. मग दोन विद्यार्थी तयार केले, पहिल्याच्या यादीत ७२ घातले, दुसऱ्याच्या यादीत ४५. पहिल्याचे गुण छापले तर पडद्यावर आले ७२, ४५. दुसऱ्याचे छापले, तर तेही ७२, ४५! आम्ही घाईत होतो. "टायपिंगची चूक असेल, पुन्हा लिही," असे सांगून पुढे गेलो. तिने तीनदा लिहिले, तीनदा तेच आले. नंतर तास संपेपर्यंत तिने कळफलकाला हात लावला नाही.

चूक टायपिंगची नव्हतीच. साच्यात ठेवलेली यादी साच्याच्या मालकीची असते आणि ती एकच असते. दोन्ही विद्यार्थ्यांकडे स्वतःची यादी नसल्याने 'गुण' म्हटले की दोघेही त्या एकाच यादीकडे बोट दाखवतात. यादी प्रत्येक वस्तू जन्माला येताना, तिच्यासाठी वेगळी, तयार करायला हवी होती. हे आम्ही तिला दुसऱ्या दिवशी सांगितले. पण तिचा प्रश्न वेगळाच होता: "मग लिहिताना ते दिसत का नाही?"

या प्रश्नाचे उत्तर शोधायला नॉर्वेत जावे लागते. १९६० नंतरच्या दशकात ओस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्टन नीगार्ड आणि ओले-योहान डाल हे दोघे रांगांचा अभ्यास करण्यासाठी एक संगणकभाषा घडवत होते. कारखान्यातले सुटे भाग, नाक्यावरची वाहने, खिडकीपुढची माणसे अशा रांगांची नक्कल, म्हणजे सिम्युलेशन, संगणकावर करायची होती. म्हणून भाषेचे नाव सिम्युला. तिची पहिली आवृत्ती १९६५ पर्यंत वापरात आली. पुढच्या आवृत्तीचा विचार करताना पथकराच्या नाक्याचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. रांगेत ट्रकही असतात आणि बसही. ट्रकमध्ये माल, बसमध्ये उतारू. दोन्हींची माहिती निराळी. मग दोन्ही एकाच यादीत कशी घालायची?

त्यांनी काढलेला तोडगा सुंदर आहे. फक्त रांगेत उभे राहणे जाणणारा, म्हणजे आपल्या पुढे कोण आणि मागे कोण एवढेच ठाऊक असलेला, एक साधा क्लास करायचा. ट्रक आणि बस हे क्लास त्याच्यावर आपापली भर घालतील. आज ज्याला इनहेरिटन्स म्हणतात ती कल्पना इथली. मे १९६७ मध्ये ओस्लोजवळच्या लिसेबू येथील परिषदेत ती मांडली गेली आणि भाषेला सिम्युला ६७ हे नाव मिळाले. क्लास आणि यादी या दोन प्रकरणांत नवशिक्याची सर्वांत जास्त दमछाक होते. ती दोन्ही जुळ्या भावंडांसारखी एकाच घरात वाढली, हे आमच्या मते पाठ्यपुस्तकांनी सांगायला हवे.

आता मुख्य मुद्दा. रांगेत उभ्या असलेल्या बसची प्रत काढून चालत नाही. रांगेतली बस आणि नाका ओलांडणारी बस या दोन वेगळ्या बस झाल्या, तर सगळी नक्कल खोटी ठरते. ५ या आकड्याची प्रत काढली तर मात्र काहीच बिघडत नाही. घरात ज्याला 'बाळ' म्हणतात त्याला शाळेत पूर्ण नावाने हाक मारतात. नावे दोन, पण मूल एकच, आणि गुडघा फुटला तर दोन्ही नावांचा फुटतो. उलट एका वहीतले गणित दुसऱ्या वहीत उतरवून घेतले की पहिलीतले खोडल्याने दुसरीतले पुसत नाही.

डाल आणि नीगार्ड यांनी या दोन क्रियांना दोन वेगळी चिन्हे दिली. किंमत उतरवून घ्यायची असेल तर := असे लिहायचे. हे चिन्ह त्यांना अल्गोल ६० या भाषेकडून मिळाले होते. तीच वस्तू दुसऱ्या नावाने ओळखायची असेल तर :- असे लिहायचे. तुलनेचीही तीच रीत: = म्हणजे किमती सारख्या, == म्हणजे वस्तू तीच. वस्तूच्या जागी चुकून := लिहिले, तर कंपायलर तिथेच अडवत असे. थोडक्यात, आमच्या विद्यार्थिनीने जे विचारले ते १९६७ साली कागदावर दिसत होते!

पुढे मात्र ते पुसट झाले. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत घडलेल्या स्मॉलटॉक या भाषेने तुलनेची दोन चिन्हे ठेवली, पण नाव देण्याचे चिन्ह एकच केले. १९९५ मध्ये आलेल्या जावात आकड्यांची प्रत निघते आणि वस्तूला नुसते दुसरे नाव मिळते; चिन्ह मात्र दोन्हीकडे तेच =. पायथॉनची गोष्ट अधिक चटका लावणारी आहे. तिचा कर्ता गिडो व्हान रॉसम हा त्याआधी ॲम्स्टरडॅममध्ये एबीसी या भाषेवर काम करत असे. ती खास नवशिक्यांसाठी घडवलेली होती, आणि तिच्यात एका नावातली यादी दुसऱ्या नावात ठेवली की दोन्ही याद्या स्वतंत्र राहत. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायथॉनने एबीसीचे बरेच काही घेतले, पण हा गुण घेतला नाही. तिथे = म्हणजे नेहमीच नुसते दुसरे नाव. त्यात सोय आहे, वेगही आहे. फक्त ज्याने शाळेत बीजगणितात 'अ = ब' लिहिले आहे, त्याच्याकडून हे आपोआप ओळखण्याची अपेक्षा आपण कोणत्या आधारावर करतो, हे आम्हाला अद्याप उमगलेले नाही.

असो. डाल आणि नीगार्ड यांना या कामासाठी २००१ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. २००२ च्या उन्हाळ्यात दोघेही काही आठवड्यांच्या अंतराने निवर्तले.

त्या वर्गात मग आम्ही एक प्रयोग केला. संगणक बंद ठेवून मुलांना आपली आज्ञावली वहीत उतरवायला सांगितली आणि प्रत्येक = च्या जागी := किंवा :- यांपैकी हवे ते लिहायला लावले. पहिल्या दिवशी बरीच खाडाखोड झाली. नेमके काय लिहायचे यावरून मुले आपसांत भांडली, ते आम्हाला आवडले.

आठवड्याभराने ती मुलगी हजेरीचा तक्ता घेऊन आली. शून्यांची एक ओळ करून तिने तिला ३ ने गुणले होते आणि तीन ओळींचा तक्ता मिळवला होता. सोमवारी एका मुलाची हजेरी लावली की मंगळवारी आणि बुधवारीही त्याची हजेरी लागत होती. आम्ही काही बोलण्याआधीच तिने समासात :- असे चिन्ह काढले, त्यापासून एकाच ओळीकडे जाणारे तीन बाण काढले आणि आज्ञावली दुरुस्त करायला जागेवर परतली.